गिअर बदलताना हिसका का बसतो?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. अशा खाणींतून माती-कोळसा वाहणाऱ्या मोठ्या डंपरांत चालकाला क्लच दाबावा लागत नाही; गिअर आपोआप बदलतात. आता कित्येक मोटारींतही ही सोय असते. पण कधी गिअर बदलताना जोराचा हिसका बसतो, तर कधी एंजिन नुसतेच घोंगावते आणि गाडी रेंगाळते. भरलेल्या डंपरचे चढावर असे झाले तर? म्हणून कारण वेळीच शोधले पाहिजे.

या गिअरपेटीत चालकाच्या पायाचे काम तेल करते. पंप तेलाला दाब देतो. त्या दाबाने दट्ट्या सरकतो आणि क्लचच्या चकत्या एकमेकींवर घट्ट बसतात. गिअर बदलताना चकत्यांचा एक संच सुटतो व त्याच क्षणी दुसरा पकडतो. दाब कमी पडला, की चकत्या आधी घसरतात आणि मग एकदम पकडतात. हाच तो हिसका!

दाब कमी का पडतो? तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि तेलात फेस होतो. गंमत अशी, की तेल जास्त झाले तरी फिरती चाके ते घुसळून फेसच करतात! एक प्रयोग करा. सुई नसलेल्या पिचकारीत पाणी भरा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता हवा भरून दाबा. तो आत जातो. फेसाळ तेलही असेच दबते आणि दाब वाया जातो.

म्हणून तपासणी तेलापासून सुरू करावी. ८ लिटर तेल ३० अंशांवरून ८० अंश सेल्सियसपर्यंत तापले, तर पाव लिटरहून थोडे अधिक फुगते. थंड तेल गरम तेलाच्या खुणेपर्यंत भरले, तर ते जास्तच होणार! यासाठी पातळी निर्मात्याने सांगितलेल्या तापमानालाच पाहावी आणि तेलही त्याने सांगितलेलेच वापरावे.

तेल काळे पडून करपट वास येत असेल, तर चकत्या जळाल्याचा संशय घ्यावा. नुसते नवे तेल घालून त्या दुरुस्त होत नाहीत. तेल स्वच्छ व पातळी योग्य असेल, तर विजेवर चालणाऱ्या झडपा संगणकी उपकरणाने तपासतात. पेटी उघडायची ती सर्वांत शेवटी. सोपे आधी, अवघड नंतर. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो, नाही का?