लेव्हल बाटली खरी की खोटी? आधी पारखा, मग पाट बांधा



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावोगाव बांधकामाची धांदल उडते. कुणी गोठा घेतो, कुणी पाण्याची टाकी, कुणी विहिरीपासून शेतापर्यंत सिमेंटचा पाट. सिमेंट कोणते, वाळू कुठली, याची आपण कसून चौकशी करतो. परंतु ज्या हातभर पट्टीच्या भरवशावर सगळे काम चालते, ती मिस्त्रीची लेव्हल बाटली (काही जण तिला पाणसळ म्हणतात) खरी आहे की खोटी, हे मात्र कुणी विचारत नाही. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला, झाले काम!

ही युक्ती मूळची फ्रान्समधील. मेलकिसेदेक तेवेनो नावाच्या गृहस्थाने १६६१ च्या सुमारास ती काढली. नळी वरच्या अंगाला किंचित फुगीर असते आणि बुडबुडा नेहमी तिच्यातल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसतो. आत स्पिरिट घालतात, म्हणून इंग्रजीत तिला स्पिरिट लेव्हल म्हणतात. साध्या पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये बुडबुडा मोकळा फिरतो आणि थंडीत ते गोठतही नाही. म्हणजे नळी सहसा खोटे बोलत नाही. खोट असते ती नळी पट्टीत बसवताना राहिलेली, किंवा पट्टी चार वेळा माळ्यावरून खाली पडल्यामुळे आलेली.

आता ही खोट पाहायची कशी? पुष्कळांची समजूत अशी की, त्यासाठी आधी अगदी सपाट, समपातळीतली जागा पाहिजे. तसे मुळीच नाही. घरातला ओटा किंवा गुळगुळीत फरशी पुरे, ती थोडी उतरती असली तरी चालते. पट्टीच्या बुडाला चिकटलेले सिमेंट आधी खरवडून काढा. पट्टी ओट्यावर ठेवून तिच्या दोन्ही टोकांशी आणि एका कडेने पेन्सिलीने रेघ मारा. बुडबुडा पुरता थांबू द्या आणि तो कोणत्या बाजूला, किती सरकला आहे ते बघा. मग पट्टी उचलून टोकाला टोक बदला, म्हणजे पूर्वेकडचे टोक पश्चिमेला आणा, आणि त्याच रेघांत पुन्हा ठेवा.

पहिल्या वेळी बुडबुडा पूर्वेला होता आणि उलटल्यावरही तेवढाच पूर्वेला राहिला, तर पट्टी खरी, उतार ओट्याला आहे. पण तो पट्टीबरोबर फिरून पश्चिमेला गेला, तर ओटा बिचारा सरळ आहे, खोट पट्टीत आहे. कधी दोन्हींत थोडी थोडी असते. तेव्हा बुडबुडा दोन वेळा दोन ठिकाणी थांबतो. त्या फरकाचा निम्मा वाटा पट्टीचा, हे लक्षात ठेवा. सगळा फरक पट्टीच्या माथी मारू नका.

खोट किती, हे मोजायला पत्त्यांचा कॅट घ्या. पारावर बडवण्याखेरीज त्याचा हाही एक उपयोग! दहा पाने एकावर एक ठेवून जाडी मोजा. समजा ३ मि.मी. भरली, तर एक पान ०.३ मि.मी. झाले. समजा ६० सें.मी. लांबीच्या पट्टीचा बुडबुडा पहिल्या वेळी बरोबर मध्ये आला, पण उलटल्यावर तो मध्ये आणायला एका टोकाखाली ६ पाने सरकवावी लागली. ६ पाने म्हणजे १.८ मि.मी., त्याचे निम्मे ०.९. साठ सें.मी.ला ०.९, म्हणजे मीटरला दीड मि.मी. बऱ्याच चांगल्या पट्ट्यांना कारखानदार मीटरला अर्धा मि.मी. एवढीच सूट धरतात.

“दीड मि.मी.ने काय होते?” असे कुणी म्हणेल. गोठ्याच्या जमिनीला खरोखरच काही होत नाही. तिथे मीटरला दोन-अडीच सें.मी. उतार आपण मुद्दाम देतो, त्यात दीड मि.मी. कुठल्या कुठे जिरून जाते. पाटाचे तसे नाही. उसाच्या सरीला जमिनीच्या जातीप्रमाणे १०० मीटरला साधारण २० ते ४० सें.मी. उतार धरतात. समजा पाटाला १०० मीटरला ३० सें.मी. द्यायचा आहे, म्हणजे मीटरला अवघे ३ मि.मी. मिस्त्री २ मीटरच्या सरळ फळीच्या उतरत्या टोकाखाली ६ मि.मी. जाडीची चिप ठोकतो, वर लेव्हल बाटली ठेवतो आणि बुडबुडा मध्ये आणत पुढे सरकतो. वरच्या हिशेबाची पट्टी असेल, तर प्रत्येक फळीला ३ मि.मी. चूक येते. शंभर मीटरला फळी पन्नास वेळा सरकते. चूक झाली १५ सें.मी.!

म्हणजे उतार ३० च्या जागी एक तर १५ होणार, नाही तर ४५. पंधरा झाला तर पाणी रेंगाळते, पाटात गाळ बसतो, वरच्या सऱ्या तुडुंब आणि शेवटच्या सरीची दारे धरणारा रात्रभर बॅटरी घेऊन उभा. पंचेचाळीस झाला तर पाणी धावते आणि शेवटच्या अंगाला तुंबते. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी पाणी साचून क्षारपड झालेल्या जमिनी आपण पाहतोच. त्याची कारणे अनेक आहेत, पण तुंबलेल्या पाण्यात आपल्या हाताने भर कशाला?

बाजारातल्या स्वस्त पट्ट्यांत नळी पक्की चिकटवलेली असते, ती दुरुस्त होत नाही. ज्यांना स्क्रू असतो, त्यांत वरची कसोटी लावून निम्मा फरक स्क्रूने काढावा आणि पुन्हा उलटून पाहावे. खोट मोठी असेल तर पट्टी सरळ बदलावी. पण ऐन कामात नवी मिळत नसेल, तर तीच पट्टी दर वेळी फळीवर टोक बदलून ठेवावी, एकदा सुलटी, एकदा उलटी. पहिल्या फळीला चूक खाली गेली तर दुसरीला वर येते आणि हिशेब मिटतो. टोकाला रंगाचा ठिपका दिला म्हणजे घोटाळा होत नाही. फळी मात्र फिरवायची नाही, चिप खालच्याच अंगाला राहिली पाहिजे.

उन्हात तापलेल्या पट्टीचा बुडबुडा आखडतो आणि थंडीत लांबतो. म्हणून एकाच रेघेला टेकला की नाही हे न बघता, दोन्ही रेघांपासून सारखा आहे का ते बघावे.

भिंतीसाठी वापरायच्या उभ्या नळीचीही पारख अशीच. पट्टीची एक कड भिंतीला लावून बघा, मग वरचे टोक वरच ठेवून दुसरी कड लावा. संशय आला तर ओळंबा सोडा. ओळंब्याला खोट नसते, फक्त वरचा लाकडी तुकडा आणि खालचा गोळा एकाच रुंदीचे असले पाहिजेत आणि वारा नको. हल्ली तरुण मंडळी मोबाईलवर लेव्हल बघतात. त्यालाही हीच उलटापालट लावावी, आणि पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे मोबाईल डुगडुगत नाही ना, हेही बघावे.

लांबच्या पल्ल्याला मात्र आमचे मत पारदर्शक नळीच्या बाजूने आहे. नळीत पाणी भरून दोन्ही टोके धरली की पन्नास फुटांवरची पातळी सहज मिळते. आत हवेचा फुगा राहू देऊ नये, नळी कुठे मुडपू नये, आणि बघताना दोन्ही टोके उघडी असावीत. एका टोकाला पोराने अंगठा दाबून ठेवला की पातळी चुकलीच.

मिस्त्रीला हे सांगायचा संकोच वाटतो, खरे आहे. “मिस्त्री, जरा लेव्हल उलटून ठेवा बघू,” एवढेच म्हणावे. जाणता मिस्त्री रागावत नाही, तो बहुधा आधीच उलटून बघत असतो. पण पाहणी फळी लावण्यापूर्वी व्हावी. काँक्रीट आवळल्यावर पाट फोडण्याचा खर्च कुणी द्यायचा, यावरून बांधावर जी बोलाचाली होते, ती आपल्याला नवी नाही.