८२ मिनिटांचे सव्वादोन तास

मुंबई-दिल्ली विमानाला किती वेळ लागतो? इंजिनिअरिंगवाल्या डोक्याला उत्तर सोपं वाटतं: अंतर भागिले वेग. पण मित्रहो, अंतर कुठलं घ्यायचं इथपासूनच गंमत सुरू होते.

राजधानी एक्सप्रेस रुळांवरून सुमारे १,३८४ किमी धावते. विमानांसाठी धरतात ते ग्रेट सर्कल अंतर. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणी दोरा ताणून धरला, तर जेवढा लागेल तेवढं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घालून मी कॅल्क्युलेटरवर काढलं (ट्रिगोनोमेट्री एकदाची उपयोगी पडली!), तर आलं १,१३७ किमी. जेट वर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास जातं. म्हणजे ८२ मिनिटं झाली. टाइमटेबलमध्ये मात्र सव्वादोन तासांच्या आसपास छापतात. मग वरची पन्नासेक मिनिटं जातात कुठे?

एक तर ८३० हा वेग वर पोचल्यावरचा. १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किमी. उतरण्याचा हिशोब तर मला फारच आवडला. उंची हजार फुटांत घ्या, तिला तीनने गुणा, तितके नॉटिकल मैल आधीपासून खाली यायला लागायचं. ३६,००० फुटांवर असाल तर १०८, म्हणजे चक्क २०० किमी! जयपूर मागे पडतं न पडतं तोच उतार सुरू.

शिवाय सरळ रेषेत कुणी जाऊ देत नाही. मुंबईहून विमान बहुतेक वेळा समुद्राकडे उडतं आणि मग वळतं. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं, आपल्या मेससारखं. टाइमटेबलमधला वेळ असतो 'ब्लॉक टाइम': गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला थांबेपर्यंतचा. त्यात कंपन्या थोडी गाळणी-भरणी करून ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता येतं.

वाऱ्याचं वेगळंच. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो. मुंबई-कोलकाता सुमारे १,६६० किमी. वारा ताशी १०० धरा. जाताना १०७ मिनिटं, येताना १३६. बेरीज २४३, वारा नसता तर २४०. म्हणजे जाताना मिळालेलं येताना पूर्ण फिटत नाही, थोडं अंगावर येतंच. करून बघा.

हे सगळं काढायचं कारण माझी रूममेट. जानेवारीत दिल्लीला तिचा इंटरव्ह्यू, सकाळी दहाला. सातचं विमान, ८२ मिनिटं, साडेआठला बाहेर, असा बाईंचा प्लॅन. टाइमटेबलप्रमाणे गेटला पोचायलाच सव्वानऊ, आणि जानेवारीतल्या दिल्लीच्या सकाळी धुकं पडलं तर विचारूच नका. नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून कागदावर आकडे मांडून दाखवले. आता ती आदल्या संध्याकाळी निघतेय. तिकीट महाग पडलं, त्यामुळे या महिन्याचं कँटीनचं बिल माझ्याकडे.