स्थिरबिंदू असतोच असं नाही

‘कागद चुरगळून त्याच्याच मूळ जागेत टाका, एक तरी बिंदू जिथल्या तिथे सापडेलच’ हे वाक्य गणितप्रेमींच्या तोंडी कायम असतं. त्यावरून कुठल्याही आकाराचं स्वतःवरच संतत चित्रण केलं की स्थिरबिंदू मिळणारच, असा समज पसरतो. ब्राउवरचं १९११चं प्रमेय एवढं उदार नाही. ते काठासकटच्या, भोक नसलेल्या चकतीबद्दल आहे. गोलाच्या पृष्ठावर प्रत्येक बिंदू थेट विरुद्ध बाजूला पाठवा, एकही जागेवर राहत नाही.

टोरस म्हणजे मधे एक भोक असलेल्या कड्याचं पृष्ठ. त्यासाठी मेदूवडा घ्या. ताटात ठेवून भोकाभोवती किंचित फिरवला तर पृष्ठावरचा प्रत्येक बिंदू हलतो. आता एका कडेने सळई खुपसून भोकातून पलीकडच्या कडेने बाहेर काढा आणि वडा तिच्याभोवती अर्धा फेरा फिरवा. सळई पृष्ठाला चार ठिकाणी भेदते, तेवढे चार बिंदू स्थिर. हे चित्रण न तोडता हळूहळू कितीही बदललं तरी चाराचे तीन होत नाहीत. टोरसच्या प्रत्येक चित्रणामागे दोन बाय दोनची एक सारणी असते: टोरसवरचे दोन मूळ वळसे कुठे जातात, ते ती सांगते. एकक सारणीतून ती वजा करून निश्चयक काढायचा. इथे तो ४ येतो.

हा निश्चयक म्हणजेच टोरसवरची लेफशेट्झ संख्या. ती शून्य नसेल तर स्थिरबिंदू नक्की असतो. पण हे वाक्य सर्रास उलटं वाचलं जातं: शून्य आली, म्हणजे स्थिरबिंदू नाही! टोरस मुळीच हलवू नका. संख्या शून्य, आणि झाडून सगळे बिंदू स्थिर. ही संख्या धन-ऋण चिन्हांसह केलेली बेरीज आहे, शिरगणती नव्हे.

कारखान्यातल्या अपघातात दोन्ही हात गमावल्यावर अभियांत्रिकी सोडून गणिताकडे वळलेल्या लेफशेट्झने १९२६ साली मुळात दोन चित्रणांचा विचार केला: एकाच बिंदूला दोन्ही चित्रणं एकाच जागी कधी नेतात? हा संपात. स्थिरबिंदू ही त्याचीच खास बाब, दुसरं चित्रण ‘जैसे थे’ असतानाची. गोलावरून गोलावर जाणाऱ्या दोन चित्रणांच्या डिग्रींची (म्हणजे गोल गोलावर चिन्हासह किती वेळा गुंडाळला जातो, त्या आकड्यांची) बेरीज शून्य नसेल, तर संपात टळत नाही.

संपाताच्या बाबतीत रेषाखंडावरची सवय फसवते. तिथे एका चित्रणाने पूर्ण खंड व्यापला की दुसरं कसंही असो, गाठ पडतेच. चकतीवर तशी सक्ती नाही. एक बिंदू काढला की रेषा तुटते, चकती तुटत नाही. वळसा घालायला वाट उरते.

मिती कमी तेवढं काम सोपं, हाही भ्रमच. नील्सेनने स्थिरबिंदूंचे गट पाडून, चित्रण हळूहळू बदलूनही किमान किती बिंदू उरतील याची खालची मर्यादा दिली. तीन वा अधिक मितींच्या बहुपृष्ठांवर ती प्रत्यक्ष गाठता येते, हे १९४०च्या दशकात वेकेनने दाखवलं. पृष्ठांवर मात्र १९८४ साली बोजू जिआंग यांनी दोन भोकांच्या चकतीवरच प्रतिउदाहरण काढलं. तीन मितींत दोन वाटा एकमेकींना चुकवून जातात; पृष्ठावर त्यांची वेणी पडते आणि स्थिरबिंदूंच्या काही जोड्या रद्द करताच येत नाहीत. चित्रण एकास एक आणि उलटंही संतत असेल तर मात्र पृष्ठावरही नील्सेनची संख्या गाठता येते. जिआंग आणि गुओ यांनी ते १९९३ साली सिद्ध केलं.