दहा गिनींचे भांडे

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात आणि हिरवे मैदान. कॅनडात मात्र नुसते ‘हॉकी’ म्हटले की ती बर्फावरचीच. पायात पोलादी पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती. या खेळाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी १८९२ साली लंडनमधून चांदीचे एक पसरट भांडे आणले गेले. किंमत दहा गिनी, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने ४८ डॉलर ६७ सेंट. आज जगभर ‘स्टॅन्ले कप’ म्हणून ओळखतात तो हाच. मी आयुष्य बँकेत काढले. त्यामुळे या चषकाचा इतिहास वाचताना गोलांपेक्षा त्यामागच्या ट्रस्टची कलमेच मला जास्त रंगतदार वाटली.

लॉर्ड स्टॅन्ले १८८८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कॅनडात आले. पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या हिवाळी उत्सवात त्यांनी हा खेळ पाहिला आणि सारे घरच त्याच्या नादी लागले. ओटावाच्या सरकारी निवासस्थानी बर्फाचे मैदान होतेच. आर्थर आणि आल्जर्नन हे मुलगे संघ करून खेळू लागले. कन्या इझोबेलही पायघोळ झग्यात काठी घेऊन उतरली. १८ मार्च १८९२ रोजी ओटावात खेळाडूंच्या मेजवानीत लाटसाहेबांचे पत्र वाचून दाखवण्यात आले. साऱ्या कॅनडातल्या सर्वोत्तम संघाकडे वर्षभर राहील असा फिरता चषक असावा, तो मी देतो, असा त्याचा आशय. (आपल्या मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तो १८९१ मध्ये. साहेब जिथे गेला तिथे चषक ठेवून आला.)

शेरीफ जॉन स्वीटलँड आणि वृत्तपत्राचे मालक पी. डी. रॉस हे दोन विश्वस्त नेमले गेले. अटी मोजक्या, पण एखाद्या मुरलेल्या वकिलाने लिहाव्यात तशा. कितीही वेळा जिंका, चषक कुणाच्या मालकीचा होणार नाही. विश्वस्तांनी मागताच तो चांगल्या स्थितीत परत करायचा. वाद झाला तर विश्वस्तांचा शब्द अखेरचा. एक विश्वस्त गेला, तर उरलेल्याने दुसरा नेमावा. स्वतः स्टॅन्ले जुलै १८९३ मध्ये मायदेशी परतले. आपल्या चषकासाठी खेळलेला एकही सामना त्यांनी पाहिला नाही.

१८९३ मध्ये पहिला मान माँट्रियलला मिळाला. पुढे आव्हानाची पद्धत रुळली. कुठल्याही प्रांताच्या विजेत्याने विश्वस्तांना कळवावे आणि चषकधारकाशी भिडावे. फेब्रुवारी १८९६ मध्ये विनिपेगच्या संघाने माँट्रियलला २-० असे हरवले, तेव्हा त्यांच्या गोलरक्षकाने पायाला चक्क क्रिकेटचे पॅड बांधले होते! १९०७ च्या जानेवारीत केनोरा या चारेक हजार वस्तीच्या गावानेही चषक नेला. आपल्याकडे एखाद्या तालुक्याने रणजी करंडक जिंकावा तसे हे.

पण या आव्हानांतले सर्वांत वेडे आव्हान डॉसन सिटीचे. आर्क्टिकच्या उंबरठ्यावरचे, सोन्याच्या शोधात वसलेले हे गाव. डिसेंबर १९०४ मध्ये तिथला संघ ओटावाला निघाला. प्रवास सुमारे चार हजार मैलांचा. पहिले सव्वातीनशे मैल कुणी सायकलवर, कुणी कुत्र्यांच्या घसरगाडीबरोबर, बरेचसे पायीच, हाडे गोठवणाऱ्या थंडीत. पुढे आगगाडी हिमवादळात अडकली, बंदरावर पोचेपर्यंत बोट निघून गेलेली. दुसऱ्या बोटीने सिअ‍ॅटल, मग पुन्हा आगगाडी. तीन आठवड्यांहून अधिक काळ असे रखडत आलेल्या या मंडळींनी सामना थोडा पुढे ढकलण्याची विनंती केली; ओटावाने नकार दिला. १३ जानेवारी १९०५ रोजी डॉसन ९-२ असे हरले. ओटावाच्या फ्रँक मॅगीचा त्यात एकच गोल होता. हाच का तो नामांकित मॅगी, असे डॉसनकर म्हणाले, असे सांगतात. तीन दिवसांनी ओटावा २३-२ ने जिंकले आणि त्यांतले १४ गोल एकट्या मॅगीचे. हा गडी एका डोळ्याने अधू होता. १९१६ मध्ये सोमच्या रणांगणावर तो मारला गेला.

एवढे हाल सोसून आलेल्यांना कुणी पगार देत नव्हते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. पण खेळात पैसा शिरला होता. १९०६ नंतर पगारी खेळाडू उघडपणे उतरू लागले आणि हौशी संघांसाठी १९०८ मध्ये ‘अ‍ॅलन कप’ हा निराळा चषक आला. स्टॅन्लेंचा चषक व्यावसायिकांकडे गेला. विश्वस्तांनी अमेरिकी संघांनाही दार उघडले आणि १९१७ मध्ये कॅनडाचे हे अजिंक्यपद सिअ‍ॅटलने जिंकले. १९१९ मध्ये सिअ‍ॅटल आणि माँट्रियल कॅनेडियन्स बरोबरीत असताना इन्फ्लुएन्झाच्या साथीने खेळाडू एकामागून एक अंथरुणाला खिळले. अंतिम लढत रद्द झाली. माँट्रियलचा ज्यो हॉल त्यातून उठलाच नाही.

१९२६ नंतर प्रतिस्पर्धी व्यावसायिक संघटना बुडाल्या. उरली एकटी नॅशनल हॉकी लीग. १९४७ मध्ये विश्वस्तांनी तिच्याशी करार करून चषकाची जवळजवळ सारी सूत्रे तिच्या हवाली केली. सही करणाऱ्या दोघांपैकी एक होते तेच पी. डी. रॉस, वय वर्षे ८९! तरुणपणी स्टॅन्लेंच्या मुलांबरोबर खेळलेला हा माणूस १९४९ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ५६ वर्षे, विश्वस्त होता.

रॉस चुकले का? ट्रस्टचे खाते समोर आले की आम्ही आधी विचारायचो, लाभार्थी कोण? इथे लाभार्थी होता साऱ्या कॅनडातला खेळाडू, आणि करारावर त्याची सही कुठेच नव्हती. पण दुसरी बाजूही आहे. ज्या चषकासाठी उत्तम संघ खेळत नाहीत तो कपाटात ठेवून रॉस काय करणार होते? मला स्वतःला हस्तांतराचे नवल वाटत नाही. खटकते ते एवढेच, की लीग खेळलीच नाही तर काय, हा प्रश्न साठ-एक वर्षे कुणी विचारला नाही.

तो २००५ मध्ये आला. मालक आणि खेळाडू पगारावरून अडून बसले आणि फेब्रुवारीत अख्खा हंगाम रद्द झाला. गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन यांनी सुचवले, यंदा चषक महिलांना द्या. टोरांटोत बुधवारी रात्री हौसेने खेळणारी मंडळी तर थेट कोर्टात गेली. चषक लीगच्या बापाचा नाही, असेच त्यांचे म्हणणे, फक्त कायद्याच्या भाषेत. फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. लीग न खेळल्यास विश्वस्त चषक इतरांना देऊ शकतील. मात्र दिलाच पाहिजे, असे बंधन नाही. शिवाय लीगने पाच वर्षे, दरसाल एक लाख डॉलर, महिला आणि गरीब मुलांच्या हॉकीसाठी द्यायचे. क्लार्कसनबाईंनी महिलांसाठी स्वतःच्या नावाचा वेगळा चषक दिला.

लीगच्या ३२ संघांपैकी कॅनडाचे आता सात. १९९३ मध्ये माँट्रियल जिंकले, त्यानंतर २०२५ पर्यंत एकाही कॅनडियन संघाला स्टॅन्ले कप मिळालेला नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये तो गेला फ्लोरिडाला, जिथे बर्फ कारखान्यातच व्हायचा. आज विजेते डोक्यावर घेऊन नाचतात त्या उंच चषकाच्या माथ्यावरचे भांडे १९६० च्या दशकात केलेली प्रतिकृती आहे. मूळ भांडे ठिसूळ झाले म्हणून निवृत्त केले. ते टोरांटोच्या हॉकी संग्रहालयात आहे, आणि संग्रहालयाची ती इमारत पूर्वी बँक ऑफ माँट्रियलची शाखा होती. बँकेच्या जुन्या तिजोरीच्या खोलीतच ते ठेवले आहे, जाड पोलादी दारामागे.