माळशेज उतरून गेलेला आजोबा

शेळी गेली की "लांडग्यानं नेली" म्हणायची आपली जुनी सवय. पण लांडगा उघड्या माळाचा, मेंढरांच्या मागावर फिरणारा. पाणी आलं, माळ फोडून आपण ऊस केला, तसा तो हटत गेला. बिबट्याला मात्र दडायला बारमाही जागा मिळाली. ही करणी आपलीच.

2002 साली मी शेतकी खात्यात नवा होतो. बिबटे धरून लांब सोडावेत, अशा अर्जावर सह्या घेत मीही बांधोबांध हिंडलो. जुन्नर वनविभागात तेव्हा तेच चालले होते. पुढे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. बिबटे आणून सोडण्यापूर्वी तिथे वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, 2001 ते 2003 या काळात ते 17 झाले. परक्या मुलखात सोडलेले जनावर बिथरते, असा त्यांचा निष्कर्ष. तो वाचून त्या सह्या आठवल्या.

2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. नाव ठेवले आजोबा. गडी तिथे थांबलाच नाही! मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्टीतून निघाला, कसाऱ्याला रेल्वे ओलांडली, आग्रा रोड ओलांडला आणि सुमारे 120 किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत माणसाला धक्का लावल्याची नोंद नाही. माझी मावशी मुरबाडकडे दिलेली. तिला विचारले, "मावशी, त्या साली वाघ बघितलास का गं?" म्हणाली, "नाय रं बाबा. आमचं तर कोंबडंसुदीक गेलं नाय." 2011 मध्ये आजोबा मेला, तोही मुंबईजवळच्या हमरस्त्यावर, गाडीच्या धडकेने.

म्हणून बिबट्या गरीब असतो, असे मी म्हणणार नाही. जुन्नर, शिरूर भागात अलीकडेही माणसे दगावली, त्यांत लहान मुले आहेत. रात्रीची वीज, रात्रीच दारे धरायची. जो अंधारात सरीत वाकतो त्यालाच भीती कळते. दोघांनी मिळून जावे, मोठ्याने बोलत राहावे. शेळ्या बंदिस्त गोठ्यात घ्या. टोळीच्या कोप्या उसाला लागून नकोत. तिथे पोरे उघड्यावर निजतात. उकिरडा गावालगत ठेवू नका, त्यावर कुत्री जमतात. अकोल्यात तपासले तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला.

तोडणीत पिल्ले सापडतात. हात लावू नका, फोटोसाठी उचलू तर नकाच. माणसे बाजूला घ्या आणि वनखात्याला 1926 वर कळवा. पिल्ले जागेवर राहिली तर आई बहुधा रात्रीतून येऊन नेते. पाळी चुकेल या धास्तीने काही सभासद गप्प राहतात, हे मला ठाऊक आहे. गट ऑफिसला त्याच दिवशी सांगा. टोळी शेजारच्या फडात हलवू, आणि तुमची तोड मोकळी होताच पहिली लावू.