चाक नटांवर टांगलेलं नसतं!

प्रकाशा गावात केदारेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या तापीकाठी रांगेनं उभ्या असतात. मोठी माणसं देवळाकडे वळली की तुम्ही चाकांकडे बघा. एखाद्या स्विफ्टची कंपनीची चाकं काढून चकचकीत अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चाकं, बसवलेली दिसतील. आत पाच माणसं, डिकीत सामान, शहाद्याचा रस्ता, आणि प्रत्येक चाक धरून ठेवलंय फक्त चार नटांनी! भीती नाही वाटत? मला विचाराल तर वाटावी, पण योग्य गोष्टीची.

पुष्कळांना वाटतं की हे नट ज्या बोल्टांवर बसतात, त्यांच्यावरच चाक टांगलेलं असतं. छे! नट आवळला की तो बोल्टला ओढतो आणि पोलादी बोल्ट चक्क ताणला जातो. किती? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. ताणलेल्या पोलादाला परत आखूड व्हायचं असतं, म्हणून ते चाकाला आत, हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरतं. दाब एवढा की चाक आणि हब यांच्यातल्या घर्षणामुळे चाक तसूभर सरकत नाही. खरं काम हे घर्षण करतं.

हिशोब करू या. अर्ध्या मीटरचा पाना नटाला लावला आणि टोकाला 20 किलोचं वजन अडकवलं, तर पिळाचा जोर होतो जवळजवळ 100 न्यूटन-मीटर. लहान गाड्यांना साधारण एवढाच लागतो. त्याच्या दहा भागांतले नऊ घासण्यातच खर्च होतात. उरलेल्या एका भागातून 12 मिलिमीटर जाडीच्या बोल्टमध्ये सुमारे चार टनांचा ताण येतो. चार नटांचे झाले सोळा टन! साखर कारखान्याकडे निघालेला, उसानं गच्च भरलेला सहा चाकी ट्रक डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या ओझ्यानं एकेक चाक हबला चिकटवलेलं असतं.

आता सांगा, आट्यांना तेल लावलं तर? नट सरसर फिरेल, सगळ्यांना बरं वाटेल. पण घासण्यात जाणारा जोर वाचतो आणि तोही बोल्टवरच येतो. मग बोल्ट इतका ताणला जाऊ शकतो की परत आखूडच होत नाही. म्हणून कोरडे, स्वच्छ आटे बरे.

नवी चाकं घेताना खरी गंमत असते नटाच्या बुडाशी. तिथे नट चाकाला टेकतो. काही नटांचं बूड शंकूसारखं निमुळतं, काहींचं चेंडूसारखं गोल, काहींचं सपाट, खाली वॉशर घातलेलं. बाहेरून घेतलेल्या बऱ्याच अलॉयना 60 अंशांच्या शंकूचे नट लागतात. गाडीचे जुने नट मात्र वेगळे असू शकतात. गोल बुडाचा नट शंकूच्या खळग्यात घातला तरी तो बसतो, आवळला जातो, आणि दिसतोही झकास. फसवणूक इथेच होते! तो टेकलेला असतो फक्त एका बारीक कडेवर. थोड्याच दिवसांत ती कड दबते. बोल्ट मुळात किती ताणला होता, आठवतंय ना? तेवढंही अ‍ॅल्युमिनियम दबलं की पकड संपली, आणि नट आपसूक सैल व्हायला मोकळा. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं 1969 मध्ये दाखवून दिलं, की आडव्या थरथरीनं बोल्ट सर्वांत लवकर सैल होतात. चाकाला तर रस्ताभर थरथरच.

म्हणून नवी चाकं बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासतात. प्रकाशाहून नंदुरबारच्या एक-दोन खेपा झाल्या की पाना काढायचा. नट शेजारी-शेजारी आवळत जायचे नाहीत, समोरासमोरचे घ्यायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं.

आट्यांचीही जात असते. स्विफ्टच्या आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांचं 1.5. जाडी दोन्हींची 12च! चुकीचा नट एक-दोन फेरे हातानं जातो आणि अडतो. तिथे पान्यानं दामटवलं की आटे गेलेच. नट योग्य असेल तर त्यानं बोल्टवर निदान बोल्टच्या जाडीएवढी लांबी धरायला हवी. 1.5च्या आट्यांना ते होतात पूर्ण आठ फेरे, 1.25ला जवळजवळ दहा. टायरवाले काका चाक काढत असतील तेव्हा शेजारी उभं राहून मोजा. जॅकवरच्या गाडीखाली मात्र बोटही घालायचं नाही.

आणि ते लाल-निळे रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे नट? माझं मत विचाराल तर ते शोकेसमध्येच शोभतात. मऊ धातूचे आटे वारंवार काढ-घाल केली की झिजतात. साधा पोलादी नट घ्यावा, बूड आणि आटे जुळवून.

पोलादी नटावरून आठवलं, प्रकाशा गावात 1955 साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी पांढरीच्या टेकाडावर उत्खनन केलं. खालच्या थरांत तांब्या-दगडाचं युग, त्याच्या वरच्या थरात लोखंड. म्हणजे या गावाला लोखंडाची ओळख दोन हजारांहून जास्त वर्षांची. पण एका मापाचा कुठलाही नट त्याच मापाच्या कुठल्याही बोल्टला बसावा म्हणून आट्यांची मापं ठरवायला जोसेफ व्हिटवर्थ हा इंग्रज कारागीर 1841 मध्ये पुढे आला. त्याआधी नट-बोल्टाची जोडी अनेकदा एकमेकांना जुळवूनच घडवत. एक हरवला की दुसराही बाद.

आट्यांच्या दिशेचीही गंमत असते. जुनी विलीज जीप कुठे दिसली, तर तिच्या डाव्या चाकांचे नट बघा. ते उलटे उघडतात! गाडी पुढे पळताना डावीकडचे नट फिरून सैल होतील, ही त्या वेळी भीती होती. उजवीकडे मात्र सुलटेच आटे. तसं का, हे चाकाच्या फिरण्याची दिशा कागदावर काढून बघा.