घरून काम : प्रश्न माणसाचा की खोलीचा?

२०२० साली टाळेबंदी लागली आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी कचेरी आली. पुण्या-बंगळूरला नोकरीला गेलेली मुले इंदूर-बडोद्याच्या घरी परतली आणि जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसली. तेव्हापासूनचा प्रश्न असा : घरून काम केले की कार्यक्षमता वाढते, की घटते?

शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस कॉल सेंटरमधल्या इच्छुकांपैकी काहींना नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. निवड जन्मतारीख सम की विषम, यावरून झाली. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मोजले, तर घरून होणारे काम १३ टक्क्यांनी जास्त भरले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले.

चेन्नईत मात्र उलटे घडले. तेथे संगणकावर माहिती भरण्यासाठी नव्याने नेमलेल्यांपैकी कोणी घरून काम करायचे, हे सोडतीप्रमाणे ठरले. घरच्यांचे काम १८ टक्क्यांनी कमी भरले. यातली दोन-तृतीयांश तफावत पहिल्याच दिवशी दिसली. उरलेली, कचेरीतले लोक लवकर शिकत गेल्याने पडली. ज्यांना घरूनच काम हवे होते, त्यांचे घरी अधिकच नुकसान झाले. मुलेबाळे वा घरची जबाबदारी असणाऱ्यांत हे विशेष दिसले.

दोन्हींत फरक बरेच आहेत. पण एक ध्यानात घ्यावा. शांघायमध्ये स्वतंत्र खोली, इंटरनेट आणि सहा महिन्यांचा अनुभव असेल, त्यालाच प्रयोगात घेतले होते. म्हणजे नुसते घर पुरत नाही. दार लावता येईल अशी जागा आणि कामाची आधीची ओळख लागते. शिवाय तिथेही काम सारखेच चांगले असून घरच्यांना बढती कमी मिळाली, आणि एकटेपणाला कंटाळून पुष्कळजण कचेरीत परतले.

आता आपल्या घराकडे पाहा. मुलगा संगणकासमोर बसला की आपण आवाज खाली करतो. सून बसली की "घरीच आहे ना" म्हणून दूधवाल्याला दार तिनेच उघडायचे, कुकरच्या शिट्ट्याही तिनेच मोजायच्या. मग तिचे काम मागे पडले, तर दोष तिच्या कुवतीचा कसा? घरून काम करणाऱ्याला बंद दार आणि ठरलेले तास देणे कंपनीच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. नवशिक्याने मात्र शक्य तर सुरुवातीचे काही महिने कचेरीत काढावेत. शेजारच्या टेबलावरून जे शिकता येते, ते घरी शिकवणारे कोणी नसते.